आठवण, ऐकणं की कृती: तालमीत नक्की काय धरायचं?

तालमीचे तीन-चार आठवडेच हातात आहेत आणि दिग्दर्शक रोज "खोटं वाटतंय" म्हणतोय, अशा वेळी मेहनत नक्की कशावर घ्यायची? अभिनय खरा वाटावा म्हणून मी तीन रस्ते चालून बघितलेत, त्यातला कुठला कोणाला झेपेल ते सांगते.

पहिला ली स्ट्रासबर्ग या अमेरिकन अभिनयशिक्षकाचा, भावस्मृतीचा. स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग घ्यायचा पण थेट दुःख नाही आठवायचं, त्या खोलीतला वास, उजेड, चादरीचा स्पर्श असं एकेक आठवत जायचं आणि मग भावना वर येते. येते, खरंच येते, पण रोज येईलच असं नाही. वडील गेल्यावर मुलगी त्यांचं कपाट आवरते असा आमचा प्रवेश होता, मी आजी गेली तेव्हाची आठवण वापरली, पहिल्या दोन तालमींना ढसाढसा रडले आणि पाचव्या तालमीला डोळे कोरडे ठणठणीत. त्याहून वाईट म्हणजे समोर नाटकातला भाऊ काय बोलतोय ते मला ऐकूच येत नव्हतं, मी मनाने आजीच्या खोलीत होते ना!

मग दिग्दर्शक म्हणाले, रडायचं सोड, कपड्यांचे दोन ढीग कर, द्यायचे आणि ठेवायचे, आणि भाऊ निघायच्या आत संपव. तिसऱ्या शर्टाच्या खिशात चष्मा पुसायचं फडकं निघालं, कोणीतरी मुद्दाम ठेवलं होतं, आणि माझा हात तिथेच थांबला, शर्ट कुठल्या ढिगात टाकायचा तेच कळेना. डोळ्यात टिपूस नव्हतं पण बघणारे सगळे गप्प झाले. हा दुसरा, शारीरिक कृतीचा रस्ता, स्ट्रासबर्ग ज्याच्या पद्धतीवरून शिकवायचा तो रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्की स्वतः शेवटच्या वर्षांत इकडेच वळला होता. १९३४ मध्ये अमेरिकन अभिनेत्री स्टेला अॅडलर पॅरिसमध्ये त्याला भेटली आणि परत येऊन ग्रुप थिएटर या आपल्या न्यूयॉर्कच्या नाटकमंडळीत सांगितलं की भर स्वतःच्या आठवणींवर नको, नाटकातल्या परिस्थितीवर आणि कल्पनेवर द्या. त्याच मंडळीत असलेल्या स्ट्रासबर्गला ते पटलं नाही, मला मात्र शंभर टक्के पटतं.

तिसरा सॅनफर्ड मायस्नर या अमेरिकन अभिनयशिक्षकाचा, ऐकण्याचा. दोघं समोरासमोर बसतात, एक म्हणतो "तू भुवया उचलल्यास", दुसरा म्हणतो "मी भुवया उचलल्या", हेच पुन्हा पुन्हा, आणि सूर बदलायचा तो समोरच्यात खरंच काही बदललं तरच. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं पण आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभं राहायची सवय असेल तर यासारखं औषध नाही. फक्त याला जोडीदार लागतो आणि बरेच दिवस लागतात.

म्हणून ऐकण्यात कच्चे असाल आणि वेळ असेल तर मायस्नर. भावस्मृती अनुभवी शिक्षक सोबत असेल तरच, आणि ताज्या जखमेला तर हात लावूच नका. वेळ कमी असेल तर सरळ कृती धरा, आज संहितेच्या प्रत्येक पानावर एकेक क्रियापद लिहा, अडवणं, लपवणं, मनवणं असं, आणि कुठे "रडणं" लिहिलं गेलं असेल तर ते खोडून दुसरं शोधा.