गरोदरपणी लघवीची तपासणी: रूटीन की कल्चर?

नाव नोंदवायला गेलं की लघवीची साधी तपासणी, म्हणजे युरिन रूटीन, होतेच. तास-दोन तासांत रिपोर्ट हातात, खर्चही कमी. त्यात साखर, प्रथिनं, पस सेल्स (पांढऱ्या पेशी) दिसतात. पण पस सेल्स म्हणजे जंतू नव्हेत. अंगावरून जाणारं पांढरं पाणी नमुन्यात मिसळलं तरी त्या वाढतात. उलट, जंतू असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो.

कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि पैसेही जास्त. तरी पहिल्या तिमाहीत एकदा तरी ते करावंच, असं माझं ठाम मत आहे. कारण काही गरोदर बायकांच्या लघवीत जंतू असतात, पण जळजळ नसते, ताप नसतो. उपचार न केल्यास त्यातल्या कित्येकींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. मग थंडी वाजून ताप, भरती व्हावं लागणं, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका. कल्चरमध्ये जंतू कोणता (बहुतेकदा ई. कोलाय) आणि त्यावर कोणतं औषध चालेल, दोन्ही कळतं.

नमुना मात्र नीट द्या: जागा धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत. अँटिबायोटिक सुरू होण्याआधीच. डबी दोन तासांत लॅबला पोहोचवा.

जळजळ होत असेल तर ‘उन्हाळी लागली’ म्हणून नुसत्या धण्याच्या पाण्यावर थांबू नका. पाणी प्या, पण डॉक्टरांनाही दाखवा. ताप किंवा पाठीत, कुशीत दुखणं असेल तर त्याच दिवशी.