देणगी थेट संस्थेच्या खात्यात, की क्राउडफंडिंगच्या साईटवरून?

संस्था ठरली आहे, रक्कमही ठरली आहे. पैसे तिच्या बँक खात्यात थेट पाठवायचे की एखाद्या क्राउडफंडिंग साईटवरून, म्हणजे अनेकांकडून ऑनलाइन देणग्या गोळा करणाऱ्या साईटवरून, एवढंच उरलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्हीकडून पैसे दिले आहेत. हल्ली बहुतेक वेळा थेट पाठवतो.

आधी साईटची बाजू सांगतो, कारण ती लंगडी नाही. आडगावातल्या एखाद्या लहान संस्थेकडे स्वतःची वेबसाईट नसते, पावत्या करायला वेगळा माणूस नसतो. साईट नसती तर ती संस्था आहे हेच मला कळलं नसतं. कुणाच्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवसांत मोठी रक्कम उभी करायची असेल, तर साईटला पर्याय दिसत नाही. हजारो अनोळखी लोकांपर्यंत त्या पोचतात आणि पुष्कळदा पैसे परस्पर हॉस्पिटलला दिले जातात. अशा वेळी साईट किती टक्के घेते याचा काथ्याकूट करू नये असं मला मनापासून वाटतं.

पण एखाद्या वसतिगृहाला किंवा दवाखान्याला दर वर्षी देणगी द्यायची, तर मला अडलं ते टिपपाशी. पाच हजार रुपये भरले. साईट संस्थेकडून काही शुल्क घेत नाही, देणगीदारांच्या टिपवर चालते, असं ठळक लिहिलेलं होतं. त्याखाली १८ टक्के टिप आधीच निवडून ठेवलेली. एकूण रक्कम ५,९००. पट्टी मागे ओढली तरी ती शून्यावर येईना. शून्य करायचं तर ‘इतर रक्कम’ उघडून तिथे आपल्या हाताने ० लिहायचं. सगळ्याच साईटवर असं असेल असं नाही. पण माझ्या सत्तरी ओलांडलेल्या काकूंनी मोबाईलवरून देणगी दिली, तेव्हा सगळेच पैसे मुलांना गेले असं त्या धरून चालल्या होत्या. बँकेचा मेसेज वाचून दाखवला तेव्हा त्यांना खरा आकडा कळला, आणि त्यांना वाईट वाटलं ते मी विसरलेलो नाही.

देणगीचे १०० टक्के संस्थेला पोचतात, हा अशा साईटचा दावा खोटा नसतो. पाच हजारांचे पाच हजार पोचतात. पण तो हिशेब संस्थेच्या बाजूने झाला. माझ्या खिशातून ५,९०० गेले आणि कामाला ५,००० मिळाले, म्हणजे शंभरातले ८५ सुद्धा पुरते नाहीत. वरचे ९०० साईट चालवणाऱ्या कंपनीचे. आयकरात वजावट मिळवून देणाऱ्या ८०जीच्या पावतीवर ते येत नाहीत. साईट चालवायला माणसं लागतात, खर्च होतो, हे मला मान्य आहे. ‘आमचं शुल्क पाच टक्के’ असं उघड सांगितलं असतं तर मी आनंदाने दिलं असतं.

थेट पाठवताना ही गळती जवळजवळ नाहीच. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही, आणि तेव्हापासूनच यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, तोही शून्य आहे. क्रेडिट कार्डाने दिलं तर मात्र पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी कुणाच्या तरी वाट्याला येतो, मग तुम्ही कुठूनही द्या.

थेट देण्यातला खरा त्रास पावतीचा. पैसे पाठवून झाल्यावर नाव, पत्ता, पॅन आणि व्यवहाराचा क्रमांक संस्थेला ईमेलने कळवावा लागतो, नाहीतर हिशेबनीसांना पासबुकातली नोंद कुणाची ते कळत नाही. ८०जीची वजावट घ्यायची तर पुढे संस्थेकडून १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्रही लागतं. त्यासाठीचं विवरण संस्थेने आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं असतं, म्हणून जूनमध्ये एकदा आठवण करावी लागते. साईटवर हे बरंचसं आपोआप होतं. नवी करप्रणाली घेतली असेल तर वजावटच नाही, आणि साईटची ही सोय फारशी उपयोगाची राहत नाही.

उलट थेट देताना एक गोष्ट सांगता येते: पैसे सर्वसाधारण निधीसाठी की कायम निधीसाठी. कायम निधीतलं मुद्दल राखून फक्त व्याज वापरायचं असतं. यंदाच्या मुलांच्या जेवणाला पैसे जावेत असं वाटत असेल तर ‘सर्वसाधारण’ असं स्पष्ट लिहा. हा पर्याय मला कुठल्याही साईटवर मिळालेला नाही.

मधला एक मार्गही आपल्याकडे आहे. ‘लोकसत्ता’ गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून काही संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक थेट त्या संस्थेच्याच नावाने धनादेश काढतात. संस्था शोधायचं काम दुसरं कुणी करतं आणि पैशाला मध्ये थांबा लागत नाही. साईटने असं काम केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

खात्यात पोचलेले पैसे कामावर किती खर्च होतात, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. वार्षिक अहवालात पगारावर मोठी रक्कम दिसली की लोक बिचकतात. पण दवाखान्यात परिचारिकेचा पगार हेच काम असतं. परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याने २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. त्या नियमांतही हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत.

परदेशातल्या नातेवाइकांनी आधी आपला पासपोर्ट पाहावा. भारतीय पासपोर्टवर, स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच गेले पाहिजेत.

साईटवरूनच देणार असाल तर ‘इतर रक्कम’ उघडून तुम्हाला पटेल तो आकडा स्वतः लिहा, आणि पिन टाकण्याआधी एकूण रक्कम पुन्हा वाचा. थेट देणार असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नका. खाते क्रमांक संस्थेला फोन करून घ्या. पहिल्यांदा शंभर-दोनशे रुपये पाठवून पावती मागा. ती संस्थेच्या नावाची आणि बरोबर आली की उरलेली रक्कम पाठवा.