91 टक्के सकारात्मक

गेल्या वर्षी मी सोशल लिसनिंगचं, म्हणजे आपल्याबद्दल इंटरनेटवर कोण काय लिहितं ते टिपून सांगायच्या सेवेचं, वर्षभराचं पॅकेज घेतलं आणि पुढचे आठ महिने आमच्याच पोस्टी आम्हाला रंगीत पीडीएफमध्ये परत वाचायला मिळाल्या. पैसे आगाऊ भरले होते. दुसऱ्या कुणाचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

घरगुती उपकरणं दुरुस्त करायचा आमचा छोटा व्यवसाय आहे. माणसं चार. जाहिरातीचं मीच बघतो, हिशेबाचंही मीच. एका नाराज ग्राहकाची पोस्ट आम्हाला दीड महिन्याने कळली होती, तीही दुसऱ्या ग्राहकाने मोबाइल पुढे करून दाखवली म्हणून. ते मनात खुपत असतानाच एका एजन्सीचा फोन आला. ‘‘सर, फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, रेडिट, यूट्यूब, शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा. तुमचं नाव निघालं की आम्हाला कळणार.’’ आणि हे सगळं आमच्यासारख्याला झेपेल अशा पैशात.

व्हॉट्सॲपचं नाव काढलं तिथेच फोन ठेवायला हवा होता. 2016 पासून तिथले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, ते बाहेरच्या कुठल्याही टूलला वाचता येत नाहीत. फेसबुकचे खाजगी ग्रुप आणि फक्त मित्रांसाठी टाकलेल्या पोस्टीही अशा टूलच्या आवाक्याबाहेर असतात. बाकीच्या ठिकाणचा डेटा पूर्वी सहज मिळायचा, तेही आता राहिलेलं नाही. एक्सने (तेव्हाच्या ट्विटरने) 2023 मध्ये मोफत डेटा देणं जवळजवळ बंद केलं, त्याच वर्षी रेडिटने मोठ्या वापराला पैसे लावले आणि मेटाने (फेसबुकच्या कंपनीने) सार्वजनिक पोस्टींवर नजर ठेवायचं क्राउडटँगल हे आपलं टूल ऑगस्ट 2024 मध्ये गुंडाळलं. मूळ माल एवढा महाग झालेला असताना हा माणूस सगळं स्वस्तात देतोय, तर आणतोय कुठून? हा प्रश्न मी विचारला नाही. सुटे भाग घेताना मी हाच प्रश्न चारदा विचारतो, तो भाग वेगळा.

पहिला रिपोर्ट आला: 214 उल्लेख, 91 टक्के सकारात्मक. हिरवागार गोल आलेख. मी तो प्रिंट काढून भिंतीवर लावला, आता काय लपवायचं.

सातव्या महिन्यात एक बाई काउंटरवर आल्या. ‘‘तुमच्या पेजवर तीनदा लिहिलं, कुणी ढुंकूनही बघितलं नाही.’’ मी पेज उघडलं. तिन्ही कमेंट समोर होत्या. त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये तक्रारी शून्य.

मी एजन्सीकडे प्रत्येक उल्लेखाची लिंक मागितली. उत्तर आलं, ‘डेटा प्रोप्रायटरी आहे.’ म्हणजे त्यांच्या मालकीचा, दाखवणार नाहीत. तीन आठवडे हेच ऐकलं. शेवटी मी म्हटलं, लिंका पाठवा, मग पुढच्या वर्षाच्या पॅकेजचं बोलू. दुसऱ्या दिवशी सगळ्या महिन्यांची शीट आली.

रात्री बसून पहिल्या महिन्याच्या 214 ओळी एकेक करून उघडल्या. 67 आमच्याच वेबसाइटच्या आणि पेजच्या निघाल्या. 42 पत्ते-फोन देणाऱ्या डिरेक्टरी साइटच्या. 96 आमच्याशी संबंधच नसलेल्या. आमच्या व्यवसायाचं नाव हे माणसाचं नाव म्हणूनही चालतं, त्यामुळे त्या नावाच्या लोकांना कुणी कुठे वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, कुणाचं अभिनंदन केलं, ते सगळं आमच्या खात्यावर जमा होतं. ती 91 टक्क्यांची हिरवळ तिथून आली होती. खऱ्या ग्राहकांचे उल्लेख राहिले नऊ. त्यातला एक असा: ‘वा, काय सर्व्हिस! मशीन नेलं तेव्हा फक्त आवाज करत होतं, आता तोही करत नाही.’ शेरा: सकारात्मक. उपरोध मशीनला नीट कळत नाही, हे समजू शकतो. पण नऊ ओळी वाचायला माणसाला किती वेळ लागतो?

बहुतेक लिंका गूगल अलर्टच्या ईमेलमध्ये येतात तशा, गूगलच्या पत्त्यावरून वळसा घेऊन जाणाऱ्या होत्या. गूगल अलर्ट, म्हणजे आपण दिलेला शब्द वेबवर नव्याने दिसला की ईमेल पाठवणारी गूगलची सेवा, 2003 पासून आहे आणि फुकट आहे. त्या बाईंच्या कमेंट शीटमध्ये का नव्हत्या, तेही मग कळलं. अलर्टला गूगलने नोंदवलेली पानं दिसतात, पेजवरच्या कमेंट सहसा दिसत नाहीत.

पैसे परत मागितले, तर करारावर बोट ठेवलं गेलं. करारात काम काय लिहिलं होतं? ‘दरमहा एक पीडीएफ रिपोर्ट.’ तो तर वेळेवर येत होता. त्याहून वाईट म्हणजे गूगलवरच्या आमच्या बिझनेस प्रोफाइलची मालकी त्यांनी ‘सेटअपसाठी’ मागून घेतली होती, ती सोडवायला आणखी महिना गेला. रिव्ह्यू सगळ्या जगाला दिसतात. ते वाचायला मालकी कशाला लागते?

आता मी आठवड्यातून एकदा स्वतः बसतो. अलर्टमध्ये नाव अवतरणचिन्हात, पुढे गावाचं नाव किंवा ‘दुरुस्ती’, आणि नको असलेल्या शब्दांपुढे वजाचं चिन्ह. नाव लोक रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहितात, म्हणून चार अलर्ट. एक्सवर ॲडव्हान्स्ड सर्च. आपल्या पेजच्या कमेंट आणि गूगलचे रिव्ह्यू मात्र रोज सकाळी, काउंटर उघडायच्या आधी. यात बरंच निसटतं, पण निसटलं हे मला माहीत असतं. पुढेमागे टूल घ्यायचं झालंच, तर आमच्या नावावर आठवडाभर चालवून दाखवा, लिंकांसकट, आणि पैसे महिन्यामहिन्याने, असं आधीच सांगणार आहे. शिवाय जुन्या दोन तक्रारी त्याला न सांगता बाजूला ठेवणार, त्या त्याच्या जाळ्यात येतात का बघायला.

त्या ‘वा, काय सर्व्हिस!’ लिहिणाऱ्या गृहस्थांना मी आठ महिन्यांनी फोन केला. मशीन त्यांनी केव्हाच भंगारात दिलं होतं. म्हटलं, नवीन बिघडलं तर आमच्याकडे आणा, मजुरी घेणार नाही.

‘‘वा!’’ एवढंच म्हणाले ते.