१० × ५० दुर्बीण: गच्चीवरच्या ‘उडत्या तबकडी’च्या वादात कितपत उपयोगी?

२०२५ च्या फेब्रुवारीत सोलापुरात नवी पेठेतून १० × ५० ची (दहापट वर्धन आणि पुढचे भिंग ५० मिलिमीटर व्यासाचे) दुर्बीण साडेसहा हजार रुपयांना घेतली. निमित्त होते मेहुण्याने विजापूर रस्त्यावरच्या घराच्या गच्चीवरून, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पश्चिमेकडे मोबाइल धरून केलेले चित्रीकरण. त्यात एक पांढरी तबकडी सारखी लहानमोठी होत होती आणि तिच्या कडा थरथरत होत्या. “दाजी, ताऱ्याला असला आकार असतो का?” हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि “शुक्र असेल” एवढ्या माझ्या उत्तराने त्याचे समाधान होणे शक्यच नव्हते.

फेब्रुवारीअखेरीस त्याच गच्चीवर, त्याच वेळी, कोपरे कठड्यावर टेकवून आम्ही दुर्बीण लावली, तेव्हा शुक्राची बारीक कोर दिसली. त्या दिवसांत तो पृथ्वीजवळ येत असल्याने दहापट वर्धनातही ती ओळखता येत होती. मग मेहुण्याने स्वतः फोकसचे चाक थोडे उलटे फिरवले आणि कोरीच्या जागी हुबेहूब त्याच्या चित्रफितीतली तबकडी पसरली. अंधारात बिंदूएवढ्या उजेडावर मोबाइलचा फोकस स्थिरावत नाही, तो पुढेमागे चाचपडत राहतो आणि त्यामुळे तबकडी लहानमोठी होते, हे मी तासभर सांगूनही पटले नसते ते त्या चाकाने पटवले. एवढ्यासाठीच ही खरेदी मला सार्थ वाटते.

विमानांच्या बाबतीतही तिचा उपयोग होतो. आपल्याकडे सरळ येणाऱ्या विमानाचा पुढचा दिवा बराच वेळ एकाच जागी थांबल्यासारखा भासतो. दुर्बिणीतून मात्र पंखांच्या टोकांचे लाल आणि हिरवे दिवे वेगळे दिसतात. स्टारलिंक या इंटरनेट सेवेच्या, एकामागोमाग रांगेत जाणाऱ्या उपग्रहांची माळ २०१९ च्या मे महिन्यापासून लोकांना चकवत आली आहे. त्या ठिपक्यांना असे रंगीत दिवे नसतात आणि जमिनीवर अंधार पडल्यावरही उंचावर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशामुळेच ते चमकतात.

दोष मात्र गंभीर आहेत. चंद्र दृष्टिक्षेत्राच्या कडेला असला की भिंगांमधील परावर्तनामुळे एक फिकट, खोटा ठिपका उमटतो आणि दुर्बीण हलवली की तो भलत्याच दिशेला सरकतो. पुरावा शोधायला घेतलेल्या साधनानेच नवी ‘तबकडी’ दाखवावी, हे मला खटकते. तेजस्वी वस्तूंभोवती जांभळी कडाही येते. वजन पाऊण किलोहून अधिक असल्याने आधाराशिवाय हात थरथरतात, आणि तिपाईला जोडायचा सांधा पेटीत मिळत नाही.

जुन्या चित्रफितींच्या वादात दुर्बीण अर्थातच कामाची नाही. अमेरिकी नौदलाच्या विमानातून टिपलेल्या, उडत्या तबकडीच्या चर्चेत गाजलेल्या ‘गो फास्ट’ चित्रफितीतली वस्तू समुद्रालगत सुसाट जाताना दिसते. नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये पडद्यावरच्याच आकड्यांवरून तिची उंची सुमारे १३,००० फूट आणि वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर काढला. बाकीचा वेग चित्रण करणाऱ्या विमानाचा होता. पुण्याच्या गाडीतून जवळची झाडे मागे पळताना पाहिलेल्या मेहुण्याला हे लगेच समजले. मात्र त्याच्याकडच्या आणखी एका चित्रफितीची वेळ, ठिकाण, दिशा यांपैकी काहीच नोंदलेले नाही आणि तिच्याविषयी आम्ही दोघेही ठाम बोलत नाही.

घेणाऱ्यांनी दुकानाबाहेर येऊन दूरच्या पाटीवरची अक्षरे दोन्ही डोळ्यांना एकच दिसतात का, हे तपासावे आणि तिपाईचा सांधा त्याच वेळी मागून घ्यावा.