बबल एअर बेड: घ्यावा, पण नीट अंथरावा

सोलापुरातल्या सर्जिकल दुकानात ‘आजी अंथरुणाला खिळल्यात’ म्हटलं की आधी बबल एअर बेड पुढे येतो. पंप, दोन नळ्या आणि फुगवट्यांची गादी. दर काही मिनिटांनी आळीपाळीने निम्मे फुगवटे भरतात, निम्मे उतरतात, म्हणून माकडहाडावर सतत एकाच जागी दाब राहत नाही आणि पडून पडून होणारी जखम (बेडसोर) टाळायला मदत होते. वस्तू कामाची आहे. वाया जाते ती चुकीच्या अंथरण्यामुळे.

दवाखान्याची गादी काढू नका, एअर बेड तिच्यावरच पसरा. फुगवटे वर हवेत, नळी कुठे मुडपलेली नको. पूर्ण फुगल्यावरच पेशंटला झोपवा आणि पंपाचं बटण वजनाप्रमाणे लावा. मग माकडहाडाच्या बरोबर खाली, दोन्ही गाद्यांच्या मधून तळहात सरकवून बघा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. मध्ये इंचभर तरी हवा हवी. ही तपासणी दुकानदार सहसा सांगत नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. आपली सोलापुरी चादर पांघरायला उत्तम, पण अंगाखाली नको: तिच्या जाडीने फुगवट्यांचा उपयोग मारला जातो आणि घडी पडली की तीच रुतते. रेक्झिनही टाळा. इथल्या उन्हाळ्यात त्यावर पाठ घामाने भिजते, आणि ओली कातडी लवकर सोलते.

एअर बेड आला तरी कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी. पाठीमागे उशी देऊन 30 अंशांचा कल पुरतो. पूर्ण कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्यावर येतो. सरकवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. टाचांना या गादीचा फारसा आधार नाही, म्हणून पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवा. लाल झालेली जागा बोटाने दाबूनही फिकी पडत नसेल, तर तिथे मालिश अजिबात नको. लगेच सिस्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरम किंवा कडक लागतं का ते चाचपा.

बेडसोरची खोल जखम आधीच असेल तर बबल बेडवर भागत नाही. जाड नळ्यांची गादी डॉक्टरांना विचारून घ्या. पंप जेमतेम आठ-दहा वॅटचा असतो, त्यामुळे घरी नेल्यावर इन्व्हर्टरवर चालतो. घेताना दुकानातच पंप लावून दोन्ही नळ्यांचे फुगवटे आळीपाळीने भरतात का ते बघा, आणि पंक्चरची ठिगळं मागून घ्या.