गूगलचा डेटा ॲनालिटिक्स अभ्यासक्रम: शिकवणी चांगली, कसोटी सैल

पदवी किंवा पूर्वानुभवाची अट न घालता नवख्या माणसाला आकडेवारीच्या विश्लेषणासाठी तयार करायचे, या हेतूने गूगलने २०२१ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षण संकेतस्थळावर हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणला. स्प्रेडशीट, एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवे ते काढण्याची भाषा), टॅब्लो (आलेख काढण्याचे साधन) आणि आर (विश्लेषणासाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) ही त्यातील मुख्य साधने. शिकवण्याची पद्धत सोपी आहे, कधीकधी अतिसोपी. रोज संगणकावर हिशेब करणाऱ्याने सुरुवातीचे व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिले तरी काही बिघडत नाही.

खरे मोल आहे ते शेवटच्या प्रकल्पात. सायक्लिस्टिक या काल्पनिक कंपनीच्या नावाखाली शिकागोतील भाड्याच्या सायकलींच्या प्रत्यक्ष नोंदी हाती दिल्या जातात आणि वार्षिक सभासद व अधूनमधून येणारे ग्राहक यांच्या वापरात काय फरक आहे, हे शोधायला सांगितले जाते. वर्षभराच्या फायली एकत्र करायला गेले, की एक्सेल हात टेकते, कारण त्याच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत; मग एसक्यूएल किंवा आरकडे वळावेच लागते. त्यातही काही फेऱ्या सुरू होण्याआधीच संपलेल्या दिसतात, तर कित्येक ओळींत स्थानकाचे नावच नसते. अशा ओळी ठेवायच्या की गाळायच्या, आणि त्यामागचे कारण दुसऱ्या देशात बसलेल्या सहकाऱ्यालाही पटेल असे कसे लिहायचे, याचा सराव इथे होतो. परदेशी कंपनीचे काम घरबसल्या मिळवू पाहणाऱ्याला नेमके हेच लागते.

आणि हाच प्रकल्प ऐच्छिक ठेवला आहे! बाकीचे मूल्यमापन मुख्यतः बहुपर्यायी चाचण्यांवर चालते आणि त्या पुन्हा देता येतात, त्यामुळे प्रकल्पाला हात न लावताही प्रमाणपत्र पदरात पडते. तेव्हा नुसते प्रमाणपत्र पाहून नोकरी देणाऱ्याने काय ओळखावे?

शुल्क मासिक वर्गणीचे असल्याने रेंगाळणाऱ्याला ते महाग पडते. आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करण्याची सोय मात्र आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा इथे नाही, ती गूगलच्या पुढच्या अभ्यासक्रमात येते.

हिशेब, साठा किंवा ग्राहकसेवा या कामांत मुरलेल्यांना मी हा अभ्यासक्रम आवर्जून सुचवेन, कारण आकड्यांत काय खटकते हे त्यांना आधीच कळत असते. प्रकल्पासाठी स्वतःचा विषय निवडण्याची मुभा आहे, तेव्हा अशांनी सायकली सोडून आपल्याच कामातला अडलेला प्रश्न घ्यावा. अर्थात, कंपनीची आकडेवारी वापरण्याआधी तिची परवानगी घेऊन.