पाण्याखालच्या व्हिडिओसाठी ॲक्शन कॅमेरा की मिररलेस: दोन हंगाम वापरल्यानंतर

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी गोप्रोचा हिरो १२ ब्लॅक हा मुठीत मावणारा ॲक्शन कॅमेरा घेतला. दोन महिन्यांनी, घरात आधीपासून असलेल्या सोनी ए६४०० या मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यासाठी ४० मीटरपर्यंत चालणारे पॉलिकार्बोनेटचे हाउसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी पेटी, मागवले. तेव्हापासून मे २०२५ पर्यंतच्या दोन हंगामांत मालवण, मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेट आणि अंदमानातले स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, अशा तीन ठिकाणी मिळून माझ्या ६१ डाइव्ह झाल्या. त्यांतल्या ३८ डाइव्हमध्ये छोटा कॅमेरा हातात होता, १९ मध्ये मोठा, आणि उरलेल्या चारांमध्ये मी दोन्ही सोबत नेण्याचा शहाणपणा केला होता, ज्याबद्दल पुढे लिहितो. मी हौशी माणूस आहे, चित्रीकरणाचे पैसे घेत नाही. त्यामुळे हा अनुभव सुट्टी काढून समुद्रावर जाणाऱ्या आणि पुण्यात परत येऊन रात्री फुटेज चाळत बसणाऱ्या माणसाचा आहे, असे समजून वाचावे.

कॅमेऱ्याकडे वळण्याआधी पाण्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण माझे बरेचसे निष्कर्ष तिथूनच निघाले. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते. पहिल्या पाचेक मीटरांत तो जवळपास संपतो, मग नारिंगी जातो, त्यामागून पिवळा. ताटात लालभडक दिसणारा तांबोसा आठ मीटरांवर राखाडी दिसतो तो यामुळे. यात नुसती खोली मोजून भागत नाही, कॅमेरा आणि मासा यांच्यामधले अंतरही जमेस धरावे लागते: पाच मीटर खोलीवरचा मासा तीन मीटर लांबून टिपला तर प्रकाशाने पाण्यातून निदान आठ मीटरांचा प्रवास केलेला असतो. म्हणून पाण्याखाली झूम करून काहीच साधत नाही, पुढे सरकावे लागते. गढूळपणाचेही तसेच आहे. मधले पाणी जितके कमी, तितके चित्र स्वच्छ.

मालवणला हे पहिल्याच दिवशी कळते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खोली पाच ते दहा मीटर, पाणी हिरवट, आणि मला मिळालेल्या बहुतेक दिवशी तीन-चार मीटरपलीकडचे धड दिसत नव्हते. डिसेंबर-जानेवारीतल्या दोन-तीन चांगल्या सकाळी सहा-सात मीटरपर्यंत दिसले, त्यालाही तिथली मंडळी नशीब म्हणतात. अशा पाण्यात हिरो १२ ने माझी अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त सोय केली. त्याची लेन्स इतकी रुंद आहे की खडकाच्या कपारीतल्या गोबऱ्यापासून हातभर अंतरावर गेलो तरी अख्खा मासा, कपार आणि मागचे हिरवे पाणी असे सगळे फ्रेममध्ये बसते, आणि मध्ये हातभरच पाणी असल्यामुळे चित्र स्वच्छ येते. हा कॅमेरा तसाच १० मीटरपर्यंत पाण्यात चालतो आणि वेगळ्या हाउसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत. मी मात्र सहा मीटरांच्या डाइव्हलाही हाउसिंग लावतो, कारण खडकावर आपटून ओरखडा पडायचाच असेल तर तो बदलता येणाऱ्या काचेवर पडलेला परवडतो.

लाल फिल्टरचा मालवणात उपयोग झाला नाही. तो निळ्या पाण्यासाठी असतो. हिरव्या पाण्यासाठी किरमिजी फिल्टर लागतो. तोही लावून पाहिला, पण आधीच अपुरा असलेला प्रकाश फिल्टरने आणखी खाल्ला आणि चित्रात दाणे उठले. शेवटी फिल्टर डबीत राहिले आणि दोन छोटे व्हिडिओ लाइट ट्रेवर, म्हणजे कॅमेऱ्याखालच्या पट्टीच्या दोन दांड्यांवर, चढले. ते लाइटही आधी चुकीच्या जागी होते. लेन्सच्या अगदी शेजारून समोर मारलेल्या प्रकाशाने पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि मासा हिमवर्षावात सापडल्यासारखा दिसतो. त्या दांड्या बाहेर फाकवून लाइट कॅमेऱ्याच्या थोडे मागे आणि किंचित बाहेर वळवले तेव्हा कुठे तो हिमवर्षाव थांबला.

आता मोठा कॅमेरा. ए६४०० चा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, हिरो १२ च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने साधारण दहा पट आहे, आणि एवढ्या एका आकड्याच्या जोरावर मी हाउसिंगचे पैसे भरले होते. पहिल्या तीन डाइव्ह हाउसिंगसोबत आलेल्या सपाट काचेच्या पोर्टवर, म्हणजे लेन्ससमोरच्या खिडकीवर, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १६-५० मिलिमीटरच्या किट लेन्सवर केल्या. फुटेज पाहून मन खट्टू झाले. सपाट काचेतून पाण्यात पाहताना प्रकाश वाकतो आणि दृश्याचा कोन आक्रसतो: हवेत साधारण ८४ अंशांचा असलेला १६ मिलिमीटरचा कोन पाण्यात ६० अंशांच्या आसपास येतो. म्हणजे तोच गोबरा पूर्ण बसवायला मला चांगलेच मागे सरकावे लागले, मागे सरकलो तसे मध्ये गढूळ पाणी आले, आणि दहा पट मोठ्या सेन्सरने ते गढूळ पाणी अतिशय तपशिलात टिपले.

यावर उपाय म्हणजे डोम पोर्ट, म्हणजे घुमटासारख्या काचेची खिडकी, आणि त्यात १०-१८ मिलिमीटरची रुंद लेन्स. डोममुळे कोन परत मिळतो हे खरे, परंतु गोल काचेसमोरचे दृश्य लेन्सला काचेच्या अगदी जवळ उभे राहिल्यासारखे दिसते, आणि ते वक्र असल्यामुळे फ्रेमचे कोपरे पुसट होतात. कोपरे सावरायचे तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/८ पर्यंत बंद करावे लागते; एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान. इथे मी कागदावर हिशेब मांडून पाहिला आणि थोडा वेळ गप्प बसलो. हिरो १२ ची लेन्स कायम एफ/२.५ वर असते, एफ/२.५ आणि एफ/८ यांच्यामध्ये प्रकाशाचा फरक साधारण दहा पटींचा आहे. सेन्सरच्या आकाराने जे दहा पट मिळाले होते, ते डोमच्या कोपऱ्यांनी जवळपास सगळे काढून घेतले. मोठा सेन्सर म्हणजे अंधाऱ्या पाण्यात आपोआप स्वच्छ चित्र, हे गृहीत धरून रुंद दृश्यांसाठी खर्च करणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. तुलनेने स्वस्तातल्या डोममध्ये हे असेच चालते. महागड्या ॲल्युमिनियम हाउसिंगचे मोठे काचेचे डोम मी वापरलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलत नाही.

दुसरा धक्का रंगांच्या बाबतीतला. हिरो १२ मध्ये १०-बिट रेकॉर्डिंग आहे, २०१९ च्या ए६४०० मध्ये ८-बिट; बिट जितके जास्त, तितक्या रंगांच्या छटा जास्त साठतात. पाण्याखालच्या फुटेजमध्ये निळ्या-हिरव्याच्या ढिगातून लाल ओढून काढावा लागतो, आणि तसे ओढताना ८-बिट फुटेजमधल्या मोकळ्या निळ्या पाण्यात पट्टे पडतात. वयाने आणि किमतीने लहान असलेला भाऊ या एका गोष्टीत थोरल्याच्या पुढे आहे. थोरल्याकडे त्याला उत्तर आहे, मात्र ते कष्टाचे आहे: पांढरी पाटी समोर धरून त्या खोलीवर व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरे कशाला धरायचे ते, हाताने ठरवायचा आणि तीन-चार मीटर वर-खाली झाले की पुन्हा ठरवायचा. हे नेमाने केलेल्या डाइव्हचे रंग मला अजूनही सर्वांत आवडतात. नेत्राणीला बारा मीटरांवर पाटी धरून घेतलेल्या एका चित्रणात पोपटमाशाच्या कल्ल्यावरची गुलाबी रेघ जशी डोळ्यांना दिसली होती तशी आली आहे, संगणकावर काहीही न करता.

मिररलेसची खरी कमाई आकाराने छोट्या जिवांत आहे, आणि या बाबतीत छोटा कॅमेरा स्पर्धेतच उरत नाही. हिरोची लेन्स साधारण वीतभर अंतराच्या आत गेली की चित्र मऊ पडते, आणि तेवढ्या रुंद लेन्समध्ये दोन सेंटिमीटरचा जीव वीतभरावरून ठिपक्याएवढा दिसतो. उलट त्याच सपाट पोर्टवर, ज्याला मी वर नावे ठेवली, पाण्यातच लावता-काढता येणारी क्लोज-अप लेन्स फिरवून बसवली आणि किट लेन्स ५० मिलिमीटरवर नेली की वेगळेच जग उघडते. स्वराज द्वीपाजवळच्या लाइटहाउस या ठिकाणी रात्रीच्या डाइव्हमध्ये मी एका न्यूडिब्रँकजवळ, म्हणजे कवच नसलेल्या सागरी गोगलगायीजवळ, अकरा मिनिटे थांबलो होतो. पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा प्रवाहाबरोबर एका बाजूला लवायचा आणि प्रवाह ओसरला की एकेक पाकळी वेगवेगळ्या वेळी परत उभी राहायची. त्या पाकळ्या मी डोळ्यांनी पाहिल्याच नव्हत्या. घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्या. लाइट विषयापासून वीतभरावर असल्यामुळे एफ/८ काय, एफ/११ लाही प्रकाश कमी पडला नाही. त्याच रात्री छोट्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्रण दाण्यांनी भरलेले आहे आणि त्यातली स्थिरीकरणाची सोय अंधारात धूसर झटके देते.

आता बॅटरी. कॅमेरे निवडताना मी हिच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते, आणि सर्वांत महाग धडा हिनेच शिकवला. हिरोच्या एका बॅटरीवर, मी जसे तुकड्या-तुकड्याने चित्रण करतो तसे केल्यास, दोन डाइव्ह निघतात. ए६४०० ची छोटी बॅटरी जेमतेम एक डाइव्ह पुरते. याचा अर्थ दोन डाइव्हच्या मध्ये, हलत्या होडीवर, ओल्या हातांनी, केसांतून खारे पाणी ठिबकत असताना हाउसिंग उघडायचे. गेल्या फेब्रुवारीत मालवणला मी तेच केले. बॅटरी बदलली, ओ-रिंगवरून, म्हणजे झाकणातून पाणी येऊ न देणाऱ्या रबरी कडीवरून, बोट फिरवले, झाकण लावले, आणि दुसऱ्या डाइव्हला चार मीटरांवर हाउसिंगमधला ओलाव्याचा दिवा लुकलुकू लागला. वर येऊन पाहतो तर ओ-रिंगवर एक केस आडवा पडलेला, माझाच. आत चमचाभर पाणी होते, तळाशी. मी होडीवरच लगबगीने झाकण उघडायला गेलो तेव्हा होडीवाले काका म्हणाले, "आदी तो डबो गोड्या पाण्यात बुडवा, मगे उघडा. वरचा खारा पाणी आत जायत ना!" त्यांचे ऐकले, पोर्ट खाली करून धरले आणि कॅमेरा वाचला, बॅटरीची झडप मात्र तेव्हापासून जरा अडखळत बंद होते. दोष सर्वस्वी माझा होता. त्यानंतर मी हाउसिंग आदल्या रात्री खोलीतच बंद करतो, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, आणि कॅमेऱ्याशिवाय रिकामे हाउसिंग दहा मिनिटे बादलीत बुडवून तपासतो. होडीवर ते उघडत नाही. दुसऱ्या डाइव्हला छोटा कॅमेरा नेतो.

दोन्ही एकदम नेण्याचा प्रयोग चार डाइव्हमध्ये आटोपला. डोम हवेने भरलेला असल्याने मनगट वर खेचतो, लाइट खाली खेचतात, त्यावर छोटा कॅमेरा बसवला की तोल आणखी बिघडतो. स्वराज द्वीपाजवळच्या डिक्सन्स पिनॅकल या ठिकाणी हे सगळे सांभाळताना माझे फिन, म्हणजे पायातले पोहण्याचे पंख, प्रवाळाच्या फांदीला घासले. फांदी मोडली नाही, पण डाइव्हमास्तरने माझ्याकडे पाहून दोन्ही हात छातीशी जोडून दाखवले, म्हणजे सामान आवर, आणि त्या खुणेची लाज मला अजून वाटते. पाण्यात एका जागी न हलता तरंगता येत नसेल, तर मिररलेसच्या पेटीत पैसे घालण्याआधी तेच शिकण्यात घालावेत, असे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काहींना ते आवडत नाही.

पैशांचे म्हणाल, तर हाउसिंग, डोम, ट्रे, लाइट आणि क्लोज-अप लेन्स मिळून मला कॅमेऱ्याच्या किमतीहून बरेच अधिक पडले. त्यांतले लाइट दोन्ही कॅमेऱ्यांना चालतात, म्हणून आज नव्याने सुरुवात करायची झाली तर मी छोटा कॅमेरा आणि चांगले लाइट घेईन, डोम घेणारच नाही, आणि पन्नासेक डाइव्ह झाल्यावरही गोगलगायींच्या मागे लागण्याची हौस टिकली तर सपाट पोर्टचे हाउसिंग आणि क्लोज-अप लेन्स घेईन. डोम विकायला काढला आहे. दोघांनी विचारणा केली, दोघांनाही वरचा एफ/८ चा हिशेब सांगितला, आणि दोघेही परत फिरकले नाहीत.

सध्या कोकणातला हंगाम बंद आहे. हाउसिंगची ओ-रिंग खोबणीतून काढून, धुऊन, ग्रीसचे बोट फिरवून वेगळ्या पिशवीत ठेवली आहे, कारण झाकणाखाली चार महिने दबून राहिली की ती चपटी होते. पहिल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या १०-१८ लेन्सच्या कडेला बुरशीची जाळी दिसली होती, म्हणून यंदा दोन्ही कॅमेरे आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या यंत्रासह ठेवले आहेत. आज सकाळी त्या यंत्रावर ४८ टक्के दिसत होते, डब्याबाहेर ८५.